घरातला ऊर्जेचा खर्च कुठे जातो आणि तो कसा कमी करायचा

वीजबिल वाढलं की घरात पहिली शोधमोहीम निघते ती दिव्यांची. कोण दिवा चालू ठेवून गेलं, कोणाच्या खोलीत उजेड आहे, यावरून वाद होतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणं चांगलंच. पण ९ वॅटचा एलईडी दिवा तासभर विनाकारण जळला, तर त्यात जाणारी वीज २ किलोवॅटचा गिझर अवघ्या १६ सेकंदांत ओढून घेतो. खर्चाचं खरं उत्तर या एका हिशेबात आहे. घरात जिथे काहीतरी तापतं किंवा थंड केलं जातं, तिथेच बहुतेक पैसा जातो: आंघोळीचं पाणी, खोलीची हवा, स्वयंपाकाची शेगडी, फ्रीज, कपडे वाळवायचं यंत्र. उजेड, आवाज आणि पडद्यावरचं चित्र यांना त्यामानाने फार थोडी ऊर्जा पुरते.

म्हणून हा लेख दिव्यांपासून सुरू होत नाही. आधी मोजायचं कसं ते पाहू, मग उष्णतेच्या मोठ्या वाटांकडे वळू. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट गरम पाण्याच्या भागाकडे जायला हरकत नाही. पण मोजणी न करता केलेली काटकसर बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. घरातली माणसं वैतागतात आणि बिल होतं तिथेच राहतं.

युनिट म्हणजे नेमकं किती

१ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास. १००० वॅटचं यंत्र एक तास चाललं की १ युनिट. १० वॅटचं राऊटर तेवढंच १ युनिट खायला १०० तास, म्हणजे चार दिवसांहून थोडा जास्त वेळ घेतं. यंत्राचे वॅट गुणिले तास भागिले १०००, इतकाच हिशेब.

याच्या जोडीला एक आकडा पाठ करून ठेवा: ८६०. एका युनिटात साधारण ८६० लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापतं. किंवा ८६ लिटर पाणी १० अंशांनी, किंवा ४३ लिटर २० अंशांनी. हा पाण्याचा गुणधर्म आहे. कुठल्याही कंपनीचं यंत्र घ्या, तो बदलत नाही. लिटर गुणिले वाढवलेले अंश भागिले ८६० केलं की किती युनिट लागतील ते कळतं, आणि यंत्रात होणारा तोटा त्यावर वेगळा.

आता तुलना करून पाहा. एका माणसाच्या आंघोळीला २० लिटर पाणी २० अंशांनी तापवलं, तर ४०० भागिले ८६०, म्हणजे जवळपास अर्धा युनिट. चार माणसांचे महिन्याचे झाले सुमारे ५६ युनिट. याउलट ९ वॅटचा दिवा रोज सहा तास लावला तर महिन्याला दीड युनिटाच्या थोडं वर जातं. आंघोळीचं पाणी दोन-तीन अंशांनी कमी तापवलं, तरी अशा तीन-चार दिव्यांची महिन्याची वीज वाचते.

बिल हातात घेऊन बसा

बिलात सगळ्यात ठळक छापलेली असते ती भरायची रक्कम, आणि खर्च समजून घ्यायला तीच सगळ्यात कमी उपयोगाची. त्यात मागची थकबाकी, दंड, जुन्या बिलातली दुरुस्ती असं काहीही मिसळलेलं असू शकतं. त्याऐवजी तीन गोष्टी शोधा: किती युनिट, किती दिवसांचे, आणि मीटरचं वाचन प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजे टाकलंय.

दिवसांकडे लक्ष द्यायला हवं, कारण दोन वाचनांमधलं अंतर दर वेळी सारखं नसतं. २८ दिवसांचं बिल आणि ३४ दिवसांचं बिल शेजारी ठेवलं, तर वापर तोच असूनही दुसरं पाचव्या हिश्शाहून जास्त फुगलेलं दिसेल. युनिटांना दिवसांनी भागा आणि ‘रोजचे युनिट’ काढा. हाच आकडा वहीत लिहून ठेवायचा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. ऋतू बदलला की वापर बदलणारच. वाचन अंदाजे असेल तर मीटरवरचा आकडा स्वतः पाहून ताळा करा आणि तफावत मोठी असेल तर लगेच कळवा. अंदाजाची बिलं साठत गेली की एक दिवस त्यांचा फरक एकदम वसूल होतो.

पुढचा मुद्दा दरांचा. बिलाचा एक भाग स्थिर असतो, वीज वापरा की न वापरा. तो मंजूर भारावर (वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मान्य केलेल्या किलोवॅटवर) ठरत असेल आणि तुमचा भार गरजेपेक्षा जास्त मंजूर असेल, तर तो कमी करून घेता येतो. दुसरा भाग वापरावर. अनेक ठिकाणी वापर वाढला की वरच्या टप्प्यातल्या युनिटांना चढा दर लागतो. अशा ठिकाणी वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. समजा पहिल्या १०० युनिटांना एक दर आहे आणि त्यापुढच्यांना त्याच्या दुप्पट. १५० युनिट वापरणाऱ्याने ३० युनिट वाचवले तर वापर २० टक्के घटला, पण बिलातला वापराचा भाग घटला ३० टक्के. त्यामुळे कुठल्याही बचतीचा हिशेब करताना सरासरी दर धरू नका, शेवटच्या युनिटाला लागणारा दर धरा. जिथे वेळेनुसार दर बदलतात, तिथे स्वस्त तास कोणते ते लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवा. पाणी तापवणं, कपडे धुणं, गाडी चार्ज करणं ही कामं त्या तासांत सहज ढकलता येतात.

मीटरचा लाल दिवा मोजा

या पायरीला कसलंच साहित्य लागत नाही. घड्याळ पुरतं. तरीही ती फार थोडे लोक करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण घराबद्दल सगळ्यात जास्त माहिती हीच देते.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकेल ते छापलेलं असतं: १०००, १६००, ३२०० असे आकडे सापडतात. त्या आकड्याने ३६,००,००० ला भागा. ३२०० असेल तर ११२५ येतात, १६०० असेल तर २२५०, आणि १००० असेल तर ३६००. आता दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंत किती सेकंद जातात ते पाहा आणि आलेल्या संख्येला त्या सेकंदांनी भागा. त्या क्षणी घर किती वॅट खेचतंय ते समोर येतं. एकाच अंतरावर भरवसा ठेवू नका. दहा अंतरांचा वेळ घ्या आणि त्याला दहाने भागा.

रात्री सगळे झोपल्यावर, पंखे-एसीसुद्धा बंद असताना हे करा. समजा ३२०० च्या मीटरवर दहा अंतरांना ९० सेकंद लागले. एका अंतराला ९ सेकंद, म्हणजे १२५ वॅट. कोणीही काहीही वापरत नसताना घर १२५ वॅट खेचतंय. महिनाभर हे असंच चाललं तर ९० युनिट होतात. यातला काही भाग फ्रीजचा असेल. त्याचा कंप्रेसर मधूनमधून चालतो आणि थांबतो, म्हणून मोजणी दोन-तीनदा, थोड्या थोड्या वेळाने करा. कंप्रेसर थांबलेला असतानाही आकडा मोठाच राहिला, तर चोर दुसरीकडे आहे.

तो शोधायला वितरण पेटीतले एमसीबी, म्हणजे घरातल्या प्रत्येक ओळीचे छोटे स्विच, एकेक करून खाली करा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. ज्या एमसीबीमुळे आकडा एकदम पडतो, त्या बाजूची उपकरणं तपासा. घरात कोणी ऑक्सिजनचं यंत्र किंवा तसलं वैद्यकीय उपकरण वापरत असेल, तर त्या ओळीला हात लावू नका. शेवटी मेन स्विच बंद केल्यावर मीटरचा दिवा पूर्ण थांबायला हवा. तरीही लुकलुकत राहिला तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मध्ये गळती आहे, कोणीतरी तिथून जोड घेतलाय, किंवा मीटर सदोष आहे. तिथे स्वतः काही उघडून बघू नका. जाणकार वायरमनला आणि वीज कंपनीला बोलवा.

वेगळ्या उपकरणाचा वापर कळायला प्लगमध्ये बसणारा छोटा वीजमापक मिळतो. फ्रीजसाठी तो मी आवर्जून वापरायला सांगेन. फ्रीज, एसी, गिझर, इस्त्री ही यंत्रं अधूनमधून स्वतःच बंद होतात. त्यांच्यावर छापलेले वॅट गुणिले तास केले तर उत्तर भलतंच जास्त येतं. फ्रीज मापकावर पूर्ण दोन दिवस लावून ठेवा, मग आकडा वाचा.

गरम पाणी

सोपी आणि मोठी बचत बहुतेक घरांत इथे मिळते. ८६० च्या सूत्रात बदलता येण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत: लिटर आणि अंश.

आधी लिटर. शॉवरमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते बादली आणि घड्याळ घेऊन एकदा बघा. जुन्या शॉवरमधून मिनिटाला १५ लिटरही पडतात. कमी प्रवाहाच्या चांगल्या शॉवरला ६ ते ९ पुरतात आणि अंगावर पडणाऱ्या पाण्यात फारसा फरक जाणवत नाही. गिझरपासून नळापर्यंतचा पाइप लांब असेल, तर दर वेळी पाइपभर गरम पाणी आत अडकून थंड होतं. एकामागोमाग एक आंघोळी उरकल्या तर ते एकदाच वाया जातं. उघड्या गरम पाइपावर फोमचं आवरण चढवणं हे काही मिनिटांचं काम आहे. गरम पाण्याचा नळ गळत असेल तर तो त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण तिथे पाण्यासोबत वीजही गळते.

मग अंश. टाकीचा गिझर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवतो आणि आपण त्यात थंड पाणी मिसळून ४० अंशांवर आणतो. मिसळण्यात ऊर्जा वाया जात नाही. वाया जाते ती टाकीच्या भिंतींतून, आणि टाकी जितकी जास्त तापलेली तितकी जास्त. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारी कळ, खाली आणला की हा तोटा कमी होतो. मात्र पाणी दिवसचे दिवस साठून राहणारी मोठी टाकी असेल, तर ६० अंशांखाली जाऊ नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. ज्या घरात लहान मुलं किंवा वृद्ध आहेत, तिथे भाजण्याचा धोका टाळायला नळाशी तापमान मिसळून देणारा वॉल्व्ह बसवावा.

एक समज इथेच दूर करायला हवा. ‘गिझर बंद करून पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा’ असं अनेक जण ठामपणे सांगतात. हे खरं नाही. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता टाकीच्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. टाकी थंड होत जाते तसा तोटा घटत जातो. चोवीस तास तापलेली टाकी चोवीस तास पूर्ण वेगाने उष्णता गमावते. आंघोळीच्या आधी लावणं आणि नंतर बंद करणं हेच स्वस्त पडतं. आठवण राहत नसेल तर टायमर लावा, पण जास्त प्रवाह झेलणारा, गिझरसाठीचाच.

पाणी जड असेल तर तापणाऱ्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो. पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल लवकर जळते. वर्षा-दोन वर्षांनी टाकी उघडून साफ करून घ्यावी.

नवीन काही घ्यायचंच असेल, तर छतावर ऊन येत असलेल्या घराने सौर बंबाचा विचार आधी करावा. दुसरा पर्याय उष्णता पंपाचा. तो वीज जाळून उष्णता बनवत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते.

खोलीची हवा

उन्हाळ्याचं आधी. एसीचा खर्च कमी करायची पहिली जागा एसी नव्हे, खिडकी आहे. थेट ऊन पडणाऱ्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून अर्ध्या किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. दोन चौरस मीटरची पश्चिमेची खिडकी म्हणजे भर उन्हाळ्यात खोलीत लावलेला एक किलोवॅटचा हीटर, आणि तोच बाहेर काढायला आपण एसीला वीज देतो. आतल्या पडद्याने थोडा फायदा होतो, पण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं. बाहेरून छज्जा, ताडपत्री, बांबूची चिक, जाळी, झाड, काहीही चालेल. ऊन काचेला लागण्याआधी अडलं पाहिजे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग लावल्याचा फरक रात्री पंख्याखाली झोपतानाच जाणवतो.

आता एसी. एक टन म्हणजे २४ तासांत एक टन बर्फ वितळायला लागणारी उष्णता, सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे एक टनाचा एसी पूर्ण जोरात खोलीतली तेवढी उष्णता बाहेर फेकतो आणि त्यासाठी साधारण एक किलोवॅट वीज घेतो. चांगला इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा, खोली गार झाल्यावर त्याहून बरीच कमी घेतो. रिमोटवरचा प्रत्येक अंश वर नेला की वापर अंदाजे पाच-सहा टक्क्यांनी घटतो. आकडा १८ वर ठेवल्याने ठराविक वेगाच्या एसीची खोली लवकर गार होत नाही. तो एकाच वेगाने चालतो, फक्त थांबायचं उशिरा.

सगळ्यात चांगली जोडी म्हणजे २६-२७ अंशांवर एसी आणि हळू फिरणारा छताचा पंखा. अंगावरून वारा गेला की दोन-तीन अंश जास्त गार वाटतं आणि पंख्याला त्यासाठी एसीच्या काही टक्केच वीज लागते. पण पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट त्याच्या मोटरची थोडी उष्णताच खोलीत सोडतो. एसीची जाळी वापराच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. एसीच्या बाहेर बसवलेल्या यंत्राला मोकळी हवा मिळते ना, ते एखाद्या कोपऱ्यात कोंबलेलं नाही ना, ते बघा.

थंडीच्या प्रदेशात हिशेब उलटा, पण तत्त्व तेच. बाहेर जाणारी उष्णता अडवा. वाऱ्याच्या दिवशी हाताची मागची बाजू ओली करा आणि दारं-खिडक्यांच्या चौकटींपाशी सावकाश फिरवा. जिथे गार झुळूक लागेल तिथे फट आहे. फोमची किंवा रबराची पट्टी लावून ती बंद होते. मात्र घरात गॅसवर, लाकडावर किंवा कोळशावर काही जळत असेल, तर हवा येण्याजाण्याच्या मुद्दाम ठेवलेल्या झडपा कधीही बुजवू नका. कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि तो झोपेतच जीव घेतो.

हीटर विकत घेताना एक गोष्ट ठाऊक असू द्या. कॉइलचा, तेलाचा, पंख्याचा, हॅलोजनचा, कुठलाही साधा विजेचा हीटर एका युनिटाची एकच युनिट उष्णता देतो. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी. जास्त ऊब फक्त उष्णता पंप देतो, म्हणजे उलटा चालणारा एसी.

बचतीच्या नावाखाली वृद्धांना, तान्ह्या बाळांना आणि आजाऱ्यांना उकाड्यात किंवा गारठ्यात बसवू नका. त्यांची खोली आधी सुखाची करा. काटकसर उरलेल्या घरात करता येते.

शेगडी

पाणी उकळू लागलं की समुद्रसपाटीवर ते १०० अंशांवरच राहतं. आच कितीही वाढवली तरी ते आणखी तापत नाही, फक्त वाफ जास्त होते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणायला ०.०९ युनिटाइतकी ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट, म्हणजे सातपट. उकळी आल्यावर आच मंद करणं आणि वर झाकण ठेवणं या दोन सवयींचा परिणाम या आकड्यांतून कळतो. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं, त्यामुळे वेळ निम्म्याहून कमी होतो. वाफ सुटू लागली की तिथेही आच बारीक करायची.

ज्योत भांड्याच्या कडेबाहेर येत असेल तर ती स्वयंपाकघराची हवा तापवतेय. ज्योत निळी हवी. पिवळी-तांबडी दिसली तर बर्नरची छिद्रं साफ करा. पिवळी ज्योत कमी उष्णता देते, भांडी काळी करते आणि विषारी वायूही सोडते.

गॅस स्वस्त की इंडक्शन, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर तुमच्या गावचे दर घालून तुम्हालाच काढता येईल. एक किलो एलपीजीमध्ये सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. चांगल्या शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्यात पोचते, म्हणजे ७.७ युनिट. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के पोचते, तर तेवढ्याच कामाला ९ युनिट वीज लागेल. म्हणजे एक किलो गॅसची किंमत विजेच्या ९ युनिटांपेक्षा जास्त असेल तर इंडक्शन स्वस्त, कमी असेल तर गॅस. पाइपच्या नैसर्गिक गॅसचा एक घनमीटर याच हिशेबाने साधारण ७ युनिटांना समान धरावा. विजेचा दर इथेही शेवटच्या टप्प्याचाच घ्या. मला स्वतःला इंडक्शनची बाजू आणखी एका कारणाने घ्यावीशी वाटते: उन्हाळ्यात गॅसची वाया गेलेली उष्णता स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर येते.

फ्रीज, आणि बाकीचं थोडक्यात

फ्रीज वर्षाचे सगळे तास चालू असतो, म्हणून त्यातला छोटा दोषही मोठा होतो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय. हे सगळ्या बाजूंनी करा. बहुधा खालचा कोपरा आधी जातो. रबर बदलून मिळतं. आत ४ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८ पुरे, त्याखाली नेण्यात फायदा काही नाही. मागे आणि बाजूंना हवेला जागा सोडा, ओव्हनच्या शेजारी किंवा उन्हात ठेवू नका, गरम भांडं निवल्यावर आत ठेवा. बर्फ हाताने काढावा लागणारा फ्रीज असेल, तर थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की काढा. नवा फ्रीज आल्यावर जुना ‘असू दे’ म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवतात, तो मात्र लगेच बंद करावा.

कपड्यांच्या यंत्रात वीज जाते ती पाणी तापवायला, ड्रम फिरवायला फारच थोडी. ६० ऐवजी ३० अंशांवर, यंत्र भरल्यावरच. दोरीवर वाळणारे कपडे ड्रायरमध्ये घालू नका. साध्या विजेच्या ड्रायरची एक खेप दोन ते चार युनिट घेते. पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा स्विच लावा.

बंद दिसणारी पण प्लगमध्ये असलेली यंत्रंही खातात. सतत ओढला जाणारा १ वॅट वर्षाला ८.७६ युनिट होतो. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने यंत्रांचा हा सुप्त वापर १ वॅटवर आणायचं आवाहन केलं, त्यानंतर नवी यंत्रं बरीच सुधारली. सेट-टॉप बॉक्स, जुने स्पीकर, गेमची यंत्रं आणि जुने प्रिंटर यांवर अजून लक्ष ठेवावं लागतं. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरमागे धावू नका, त्यात हाती काही लागत नाही.

आणि प्लगमध्ये लावून बिल निम्मं करणारी ‘पॉवर सेव्हर’ डबी कृपया घेऊ नका. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला किती लागते त्याचं प्रमाण) थोडा सुधारतो, पण घरगुती बिल बहुतेक ठिकाणी किलोवॅट-तासांवर काढतात आणि त्यावर या डबीचा परिणाम होत नाही.

नवं यंत्र कधी घ्यावं

जुनं यंत्र किती जुनं आहे यापेक्षा ते रोज किती तास चालतं हे बघा. जुना पंखा ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या जागी वर्षाला १९७ युनिट वाचतात. तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत बसवला तर जवळपास काहीच नाही. जास्तीची किंमत भागिले वर्षाची बचत, म्हणजे पैसे किती वर्षांत वसूल होतील ते येतं. ते यंत्राच्या आयुष्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर बिनदिक्कत घ्या. तापणारा जुना रेग्युलेटर आधी बदला. तो पंख्याची गती कमी करताना उरलेली वीज उष्णता करून घालवतो.

एक धोका लक्षात ठेवायला हवा. १८६५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवून दिलं की वाफेची इंजिनं सुधारल्यावर कोळशाचा खप उलट वाढला. घरातही तेच घडतं. एसी कमी विजेवर चालणारा आहे म्हणून तो जास्त तास चालतो. नव्या यंत्रानंतर दोन-तीन महिने ‘रोजचे युनिट’ लिहीत राहिलात की हे वेळीच दिसेल.

सौर पॅनेलचा विचार सगळ्यात शेवटी करावा, कारण किती किलोवॅट बसवायचे हे वापर कमी झाल्यावरच नीट ठरतं. भरपूर ऊन असलेल्या जागी १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास देतात, ढगाळ प्रदेशात बरंच कमी. मागणी करण्याआधी छतावर सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत सावली कुठे आणि किती वेळ पडते ते वेगवेगळ्या ऋतूंत पाहून ठेवा. टाकीची किंवा शेजारच्या भिंतीची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या ओळीचं उत्पादन घटू शकतं. तुम्ही वीज कंपनीच्या जाळ्यात सोडलेल्या युनिटाला किती मोबदला मिळतो तेही विचारून घ्या. तो विकत घ्यायच्या दरापेक्षा कमी असेल, तर पंप, कपड्यांचं यंत्र आणि गिझर यांची वेळ भर दुपारची ठेवा.